चौथ्या मजल्यावर अडणारी लिफ्ट

नाही हो, असं सरळ ओढू नका — झाकण आधी किंचित वर उचलायचं, मग मागे ढकलायचं, नाहीतर बिजागरी हातात येते. हां, असं. बसा ना, उभे का? त्या स्टुलावरचा वजनकाटा ठेवा खाली, खुशाल ठेवा, बिघडलेलाच आहे, आणखी काय बिघडणार त्याचं. तर तुमचा प्रश्न असा, की असल्या पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या, हातात मावणाऱ्या गेमच्या यंत्रावर आजच्या दिवसात इम्युलेटर लिहीत बसण्यात काही राम आहे का? जाहिरात वाचून, पत्ता शोधत, तीन जिने चढून आलात आणि विकणाऱ्यालाच विचारताय! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आहे हो, सोन्यासारखी वस्तू आहे, न्या. मी तसं म्हणणार नाही. आणि नाही असंही म्हणणार नाही. कारण या प्रश्नापायी माझी चार वर्षं गेलीत, त्याचं उत्तर एका शब्दात कसं देऊ?

इम्युलेटर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे — एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यायचं. आता मोबाइलने जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणं म्हणजे पैलवानाने लहान मुलाचं सोंग घेण्यासारखं आहे, त्यात काय कसब? ताकद एवढी, की तुम्ही गचाळ लिहा, धेडगुजरी लिहा, चालून जातं. पण हे यंत्र! यात लपायला जागा नाही. मेमरी एवढीशी, वेग बेताचा — एक ओळ फालतू लिहिली की पडद्यावर लगेच दिसते. मी काही शिकलेला माणूस नव्हे, काटेवाला आहे, वजनकाटे दुरुस्त करतो. जे शिकलो ते याने शिकवलं. शिकायचं असेल तर असा मास्तर मिळणार नाही, हे लिहून घ्या. चालू करा ना, मधलं बटण. आली ना लिफ्ट? वर-खालीच्या बाणांनी चालवायची. मजल्यामजल्यावर ती चिन्हं दिसतात ना, ती माणसं. त्यांना हव्या त्या मजल्यावर सोडायचं. हा गेम तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही, कारण माझ्या वडिलांनी तो घरी बसून लिहिला. लिफ्ट-मेकॅनिक होते बाबा. टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर कुणीतरी टाकून देत होतं, तो उचलून आणला आणि सोबतच्या पुस्तकावरून शिकले. गेम कॅसेटवर साठवायचा. ते कामावर गेले की आई खेळायची — हो, आई! स्वयंपाक उरकला की अर्धा तास. आम्ही भावंडं शाळेतून आलो तरी ‘थांबा रे, एवढी दोन माणसं पोचवते’.

कॉम्प्युटर केव्हाच मेला. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. कपाट आवरताना ती कॅसेट ताईच्या हाताला लागली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण — ती पगारी प्रोग्रामर आहे, मोठ्या कंपनीत, हाताखाली वीस माणसं. तीच म्हणाली, राजा — मला ती राजा म्हणते, अजून — आपण दोघं मिळून हे पुन्हा चालू करू, आईला दाखवू. आणि हे यंत्रही तिनेच निवडलं बरं का, तिच्या लेकीने टाकून दिलेलं. ‘मोबाइलवर कुणीही करेल, आपण यावर करू.’ हे तिचे शब्द आहेत. माझ्या पहिल्या वहीत, पहिल्या पानावर, तारखेसकट. मी सगळं लिहून ठेवतो. अकरा वह्या झाल्या. तिचं कसं, सुरुवातीला दर रविवारी यायची, मग महिन्यातून एकदा, मग तिसऱ्या वहीत — थांबा, ही बघा — ‘ताई आली नाही. फोनवर म्हणाली, तू पुढे हो, मी आहेच.’ आणि ‘मी आहेच’ म्हणणारा माणूस कुठे असतो, हे तुम्हाला मी सांगायला हवं?

बरं, मी एकटा पुढे गेलो. अडीच वर्षांत लिफ्ट चालायला लागली. आवाजसुद्धा — ऐका, प्रत्येक मजल्याची घंटा वेगळी आहे, पहिल्याची जाड, मग बारीक होत जाते. ते स्वर जुळवायला आठ महिने घेतले मी. एकच घोळ राहिला. चौथ्या मजल्यावर लिफ्ट अडायची. नेहमी नाही, वर जाताना, भरलेली असली की. आता तुमची अडली बघा! मला वाटलं, माझ्या इम्युलेटरमध्ये खोट आहे, वेळेचं गणित कुठेतरी चुकतंय. शोधलं. चौदा महिने शोधलं. वही सातवी, वही आठवी, वही नववी — ‘आज पुन्हा चौथा मजला’, ‘चौथा मजला, कारण सापडले नाही’. बाबांच्या प्रोग्रॅमचीच ती तऱ्हा असेल असा विचार? नाही आला. एकदाही नाही. अहो, माझा बाप लिफ्ट-मेकॅनिक! त्यांनी केलेली लिफ्ट अडेल कशी? काट्याचंही तसंच असतं — वजन चुकलं की आम्ही काटा उघडतो, मापाचा किलो खोटा असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

आणि मग पाच महिन्यांपूर्वी ताईचा फोन. आवाजात नुसतं हसू. ‘राजा, आई खेळली!’ मी म्हटलं, काय खेळली? तर म्हणे, बाबांचा गेम. कसा? टॅबवर. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार इम्युलेटर उतरवून घेतला, कॅसेटमधला गेम त्यात भरला — दोन रविवार! माझी चार वर्षं आणि तिचे दोन रविवार. आवाज चिरकत होता म्हणून तिने सरळ बंदच करून टाकला. असं काम! मला विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि कॅसेटवरून गेम कॉम्प्युटरात कुणी उतरवला होता? मी. माझ्याच फाइल्स घेऊन माझ्या पाठीमागे! परक्याने केलं असतं तर मी भांडलो असतो, पण आपल्याच माणसाने केसाने गळा कापला तर ओरडणार कुठे? आणि वर मलाच गंमत सांगतेय — ‘अरे, ती चौथ्या मजल्यावर अडते ना, आई म्हणाली ती अडायचीच.’ आमच्या पहिल्या इमारतीतली लिफ्ट म्हणे चौथ्यावर अडायची, आई दारावर तळहाताने दोनदा थापट मारायची, मग सुटायची. बाबा गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करायचे आणि घरची तेवढी राहून जायची, म्हणून आई चिडवायची त्यांना. तेव्हा बाबांनी मुद्दाम तिच्यासाठी ते गेममध्ये घातलं. दाबा, वरचा बाण दोनदा दाबा पटकन. सुटली ना? चौदा महिने! चौदा महिने मी ज्याला खोट म्हणत होतो, ती माझ्या आईबापांची थट्टा होती.

काय म्हणालात? हो, आईला विचारता आलं असतं. असतं ना. दर रविवारी जातच होतो की मी तिच्याकडे. ती विचारायची, ‘झालं का रे तुझं?’ मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. दाखवायचं तर धड दाखवावं, अर्धंकच्चं आईपुढे कसं ठेवायचं? ‘थोडंसं अडतं तरी चालेल रे, दाखव,’ असंही म्हणाली होती ती, एकदा... दोनदा. तेव्हा तिला दिसत होतं. म्हणजे बऱ्यापैकी दिसत होतं. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे, मधलं पुसट होत जातं, कडेकडेचं तेवढं राहतं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, वर्ष, फार तर दीड. ताईलाही सांगितलं होतं, मलाही. दोघांसमोरच सांगितलं होतं.

ताईने टॅब दाखवला तेव्हा आईला त्यातलं मोठं मोठं दिसलं. पंधरा दिवस खेळली म्हणे. आता तेही दिसत नाही. नाही, मी पाहिलं नाही. पाच महिने मी गेलो नाही तिकडे. कोणत्या तोंडाने जायचं? आणि का जायचं, ज्याच्यासाठी चार वर्षं घासली ते दुसऱ्याने आधीच ताटात वाढून ठेवलं! म्हणून विकतोय हे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच — तुम्हाला शिकायचं असेल तर हे यंत्र घ्या. कुणासाठी तरी करायचं असेल तर घेऊ नका, कारण हे तुम्हाला नीट करायला लावतं, आणि नीट होईतो समोरचं माणूस... या यंत्राच्या एवढ्याशा पडद्यावर आईला तेव्हाही काय दिसलं असतं हो? तीन बोटांचा पडदा. चार वर्षांत हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. अकरा वह्यांत कुठेही नाही.

ते खेळताय ते खेळा, खेळा. ऐकतोय मी. तिसरा... चौथा, अडली, दोनदा दाबलंत... सुटली. पाचवा.

पण तुम्ही कुठे बघताय? नाही, म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघताय. मघापासून माझ्याकडेच बघताय, आणि लिफ्ट चाललीय तुमची. बघितल्याशिवाय. कसं कळतंय तुम्हाला, पाचवा आला ते? घंटेवरून? आणि बोट बरोबर बाणावरच पडतंय — पडणारच, बटण उंच आहे, चाचपून लागतं. टॅबच्या काचेवर काय चाचपणार माणूस, काच सगळीकडे सारखीच. आणि माणसं कोणत्या मजल्यावर थांबलीत ते तिला नाही दिसलं तर... तर त्यालाही घंटा लावता येईल. माणूस उभा आहे त्या मजल्याची घंटा आधी हळूच वाजवायची. एका दिवसाचं काम आहे. एक दिवस कशाला, दुपारपर्यंत... आणि नाही झालं तर तसंच... आहे तसंच... द्या इकडे.

अहो, द्या ना! नाही, बंद नका करू, तसंच द्या. नाही विकायचं. जाहिरातीत काय लिहिलंय ते मला माहीत आहे, मीच लिहिलंय ते. ती पिशवी द्या जरा, तुमच्या पायाशी आहे ती. वह्या राहू देत. शिकायचं असेल तर पुढल्या आठवड्यात या, हव्या तेवढ्या वाचा, आत्ता मला वेळ नाही. जिना जपून उतरा, दुसऱ्या वळणावर पायरी तुटलेली आहे. आणि हे बघा, खाली कुणी बाई भेटल्या, माझ्यासारखं नाक असलेल्या — ताईच ती, जाहिरात तिनेही वाचली असेल — आणि विचारलं की मी कुठे गेलो — तर तुम्हाला ठाऊक नाही. तिला काही एक सांगायचं नाही. निघा आता.