कंपासने काढल्यासारखी रेघ

डिस्कवाली : ...आणि फॉर्मवरची ही सातवी ओळ खोडा.

थोरला : कुठली? ‘हानीचे कारण’?

डिस्कवाली : तीच. तुम्ही लिहिलंय, ‘धाकट्या बहिणीने नखाने ओरखडली.’

थोरला : मग? झालं तेच लिहिलंय.

यंत्र : भाग सहाशे दोन. वाचला.

थोरला : हे असं मध्येच बोलतं?

डिस्कवाली : माझे डोळे भिंगाला चिकटलेले असतात, म्हणून त्याला बोलतं केलंय. डिस्क आतून बाहेर वाचत जातं, अडलं की सांगतं. तुम्ही ओळ खोडा.

थोरला : ताई, या व्हिडिओ गेमच्या दोनशेच प्रती निघाल्या होत्या, मग कंपनीच बंद पडली. चोवीस वर्षं जपून ठेवलेली डिस्क मी आपणहून संग्रहालयाला देतोय. एक ओळ माझ्या मनासारखी राहू द्या की. घरातली गंमत आहे ती. बहिणीला आम्ही अजून नखुली म्हणतो. तिच्या लग्नात सासरच्या माणसांसमोर सांगितली मी ही गोष्ट, लोक पोट धरून हसले.

डिस्कवाली : आणि ती?

थोरला : ती... उठून आत गेली होती बहुतेक. कामं असतात ना लग्नात.

डिस्कवाली : हा कागद डिस्कशेजारी काचेखाली लागणार आहे. मी निवृत्त झाले तरी तो तिथेच असेल.

थोरला : म्हणून तर. रविवारी तिला इथे घेऊन येतोय. तिचं तोंड बघायचंय मला.

यंत्र : भाग सहाशे एकतीस. वाचता येत नाही. पुन्हा.

डिस्कवाली : अडलं. ओरखडा जावा म्हणून यावर टूथपेस्ट चोळली होती ना?

थोरला : तुम्हाला कसं कळलं?

डिस्कवाली : सगळेच चोळतात. दातांपेक्षा डिस्कांनीच जास्त खाल्लीय. या इकडे, भिंगातून बघा. कडेजवळ काय दिसतंय?

थोरला : रेघ आहे. गोल. कंपासने काढल्यासारखी.

डिस्कवाली : आता मी डिस्क हळूहळू फिरवते. रेघेवरून नजर काढू नका. कुठे तुटते का, वाकडी होते का, सांगा.

थोरला : नाही... नाही. आली परत तिथेच.

डिस्कवाली : बहीण केवढी होती?

थोरला : सहा वर्षांची.

डिस्कवाली : ही भंगारातली डिस्क घ्या. तुमचं नख सदतीस वर्षांचं आहे. काढा अशी गोल रेघ.

यंत्र : पुन्हा.

थोरला : घसरतंय.

डिस्कवाली : कोंबडीने उकरल्यासारखं झालंय. नखाचे ओरखडे असेच, तुटक आणि तिरके. तुमच्या डिस्कवर तसा एकही नाही. पूर्ण गोल रेघ एकाच प्रकारे पडते. आत डिस्क गरगर फिरत असते आणि कोणीतरी गेमचा डबा उचलतं, नाहीतर उभा करतं. आतलं भिंग डिस्कला टेकतं. ती फिरतच राहते, आपल्याच फिरण्याने कापली जाते.

थोरला : पण तिला डबा चालू करता यायचा नाही. हात लावू द्यायचोच नाही मी.

डिस्कवाली : मी तिचं नाव घेतलं नाही.

यंत्र : पुन्हा.

थोरला : तुम्ही ती घासून गुळगुळीत करून टाका ना. घासायचं यंत्र आहे ना तुमच्याकडे.

डिस्कवाली : घासलं की वरचं सालपट निघतं. त्याबरोबर काय झालं होतं तेही जातं. म्हणून आधी वाचायचं, मग घासायचं. तुम्हाला एवढी घाई कसली?

थोरला : घाई नाही.

यंत्र : पुन्हा.

थोरला : ...बाबा लवकर आले होते.

डिस्कवाली : कधी?

थोरला : परीक्षेच्या आदल्या दिवशी. जिन्यात चपला वाजल्या. मी टीव्ही बंद केला आणि डबा तसाच चालू, वायरींसकट कपाटामागे सरकवला. आडवा मावेना म्हणून उभा केला. कर्रर्र झालं. मला वाटलं, कपाटाला घासला. रात्री डिस्क काढून टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर नखुली ती हातात घेऊन खिडकीशी बसलेली. लावून बघितली, तर खेळ शेवटच्या टप्प्याला अडकला. मग दुसरं कोण असणार?

डिस्कवाली : शेवटचे टप्पे कडेलाच असतात.

थोरला : फोन करू का तिला? इथूनच?

डिस्कवाली : करा. मी वाचत बसते.

(तो फोन स्पीकरवर टाकतो.)

धाकटी : बोल दादा. रविवारचं आहे लक्षात.

थोरला : नखुले... नाही, ऐक. ती डिस्क तू नाही बिघडवलीस. मी डबा चालू असताना उभा केला होता, त्याने झालं. इथल्या ताईंनी भिंगाखाली दाखवलं मला.

धाकटी : हा नवीन शेवट का? या वेळी कोणासमोर सांगायचीये?

थोरला : कोणासमोर नाही. खरंच सांगतोय.

धाकटी : अरे, पण मी केलंय ते. मला आठवतंय. खिडकीशी बसले होते, नख दाबलं, कर्रर्र आवाज आला.

थोरला : त्यावर नखाची एकही खूण नाही.

धाकटी : असं कसं होईल? तो आवाज माझ्या कानात आहे, दादा. कोणी फोटो काढायला आपला फोन माझ्या हातात देऊ लागलं तरी मी हात मागे घेते. उगीच का?

थोरला : तो आवाज मी ऐकला होता. आदल्या दिवशी, कपाटामागे. मग तुझी गोष्ट सांगताना दरवेळी तोंडाने काढत राहिलो.

यंत्र : भाग सहाशे एकतीस. वाचला.

धाकटी : कोण आहे तिथे?

थोरला : यंत्र आहे. डिस्क वाचतंय.

धाकटी : ...मग मी खिडकीशी बसून करत काय होते?

थोरला : उन्हात डिस्क हलवून भिंतीवर रंग पाडत होतीस. मी आत आलो तेव्हा हसत होतीस.