बायकांच्या मंडपातला कॅमेरा

चांदूर बाजारहून अमरावतीला निघालेल्या एसटीत, माझ्या पुढच्या बाकावर एक तरुणी आणि तिची वयस्क शेजारीण.

“दुर्गामावशी, आजपासून आपल्या गावात बायांचे फोटो बाईच काढन!”

“आदी कॅमेरा त घे, निखत.”

“सहा हजार हायेत. डिजिटलच घ्याचा.”

“रोलवाला दोन हजारात भेटते. कावून पैसे उडवतं वं?”

“रोल धुवाले स्टुडिओत द्या लागते. आपल्या गल्लीतल्या फलकच्या मेहंदीचा फोटो स्टुडिओवाल्यानं दुकानाच्या काचीत टांगला, इसरली काय?”

“कशी इसरीन? पोरगी महिनाभर बजारात गेली नाई.”

“याच्यात फोटो मांगच्या पडद्यावर दिसते. नवरीले नाई आवडला, तिच्यासमोरच पुसून टाकाचा.”

“तुया भाऊ नाई म्हनते ना?”

“त्याले म्हनलं, यंदा कापूस बुडाला, लग्नं थोडीच बुडते? बायकांच्या मंडपात मानसाले येऊ देते काय कोनी? तू काढून दाखव फोटो!”

“अन् स्टुडिओवाला भांडाले आला त?”

“येऊ दे. त्याचाच फोटो काढीन अन् चौकात टांगीन!”

“शाब्बास पोरी! चाल उतर, स्टँड आलं.”

“मावशी, दुकानात एक गोष्ट तूच इचारजो.”

“काय वं?”

“कॅमेरा चालू कुठून करतेत. मले लाज वाटते.”