लाल फितीची बरणी

...आणि वर साडू मला म्हणतो काय, "दुकानातलं का? असू दे हो साडूभाऊ, भावना महत्त्वाची." भावना! अहो, तुम्हाला सांगतो, सासूबाईंना सणाची भेट म्हणून तो बिस्किटांचा डबा निवडायला मी भर उन्हात तीन दुकानं पालथी घातली होती, आणि सासूबाईंनी तो ठेवला कुठे, तर फ्रीजवर, तोही आडवा. आणि साडूची बरणी? शोकेसमध्ये, मधोमध! काचेची बरणी, आत मैदा, कोको, साखर, काजूचे तुकडे, थरावर थर, गळ्यात फीत, फितीला चिठ्ठी, 'यात दोन अंडी आणि लोणी घाला, केक भाजा.' म्हणजे केक आपण करायचा, भांडी आपण घासायची, आणि कौतुक साडूचं. बरं, साडू कोण, तर दातांचा डॉक्टर. दातांचा डॉक्टर घरोघर साखर वाटत फिरतो आणि कुणाला संशय येत नाही? सासूबाई म्हणतात, "मोठ्या जावयांच्या हातात कला आहे." मग माझ्याकडे बघून, "तुम्हीपण छान... आणता."

मी काही बोललो नाही. लक्षात ठेवलं.

वर्षभर ठेवलं. गेल्या वर्षी हिला म्हटलं, यंदा बरण्या मी करणार. ही म्हणाली, "तुम्ही? तुम्हाला घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते तरी माहीत आहे का?" आता बायकोनेच डिवचलं म्हटल्यावर... आणि अहो, औषधांच्या दुकानात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस मी, माझा काटा कणभर इकडे नाही की तिकडे नाही. बारा बरण्या आणल्या, उकळल्या, वाळवल्या. एकेक थर घालायचा, बरणी फडक्यावर हलकी आपटायची, तो नीट बसला की मग पुढचा, नाहीतर कोको साखरेत उतरतो आणि सगळा चिखल दिसतो. दोन दिवसांत कंबर गेली. अकरा बरण्या निर्मळ मनाने केल्या. बारावी साडूची. तिच्यात बारीक साखरेच्या थराखाली तीन चमचे मीठ. मात्रा बघून हो! माणूस आजारी पडता कामा नये, नुसतं तोंड वाकडं झालं पाहिजे, तेही सासूबाईंसमोर. काचेतून बघाल तर साखर कुठे संपते नि मीठ कुठे सुरू होतं, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

इथे धंद्याची सवय नडली. आमच्या दुकानात धोक्याच्या बाटलीला लाल खूण करायची पद्धत, म्हणून त्या बरणीला लाल फीत बांधली, बाकीच्यांना पिवळी, आणि निश्चिंत मनाने आंघोळीला गेलो. येऊन बघतो तर बाराच्या बारा पिवळ्या! ही म्हणते, "एकालाच लाल? बाकीच्यांना काय वाटेल? मी सगळ्या सारख्या केल्या." आणि वर पुसून, जागा बदलून, पुन्हा रांगेत लावलेल्या. आता हिला काय सांगू? तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचा काटा काढत होतो म्हणून? बोट घालून चाखावं तर मीठ मधल्या थरात, बाराही बरण्या उपसाव्या लागणार.

बरण्या हिनेच वाटल्या आणि पुढचे आठ दिवस मी फोनवर. "केक केला का? कसा झाला? तोंड... म्हणजे चव कशी आहे तोंडाला?" शेजारचे म्हणाले, "किती काळजी करता हो लोकांची!" आमचे दुकानमालक म्हणाले, "उत्तम!" आणि साडूचा तर स्वतःहून फोन, "साडूभाऊ, बोटं चाटली आम्ही!" काळीज तुटलं हो माझं. दोन दिवस कंबर मोडून मी त्या माणसाला चांगला केक खायला घातला! मोजले, तर चांगला म्हणणारे झाले अकरा. मग बारावी कुठे?

रविवारी सासूबाई, मेहुणी आणि साडू आमच्याकडे जेवायला. जेवणं झाली आणि ही आतून केक घेऊन आली. "एक बरणी आपल्या घरी ठेवली होती मी."

पहिल्या घासाला सासूबाई चावायच्या थांबल्या. मेहुणीचा हात पेल्याकडे गेला. आणि साडू? हळूच म्हणतो, पण मला ऐकू येईल इतपत, "कुणी काही बोलू नका हं. त्यांनी हाताने केलंय." आणि त्याने अख्खा तुकडा खाल्ला! चेहऱ्यावर सुरकुती नाही. वर दुसरा कापला आणि माझ्या ताटलीत ठेवला, "घ्या, कष्टाचं आहे, वाया जायला नको." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. मिठाचं असेल, पण म्हणाल्या काय, "मोठ्या जावयांचं मन बघा!"

माझा तुकडा आणि वर तो, दोन्ही संपवले मी. काय करणार? पाण्याचा पेलासुद्धा साडूनेच आणून दिला. वाकला आणि माझ्या कानात म्हणाला, "औषधवाल्या माणसाचं माप चुकत नसतं, साडूभाऊ. मी काही बोललो नाही. लक्षात ठेवलंय."

यंदा मी बिस्किटांचा डबा घेतलाय. फ्रीजवर आडवा मावेल, असा बघूनच घेतलाय.