डाग न पाडणारी गळती

"हॅलो?... हॅलो, इगतपुरी का?... हां, नाशिकहून बोलते... रेल्वेच्या शेडमधल्या मोतीराम फिटरला बोलवा हो जरा... त्यांची बहीण म्हणावं, साळू... नाय नाय, कुणी गेलं नाय! सगळी हायेत. मशीन बिघडलंय म्हणावं, मशीन."

सावळीरामच्या किराणा दुकानात ट्रंक कॉल लागला की तो बहुधा मयताचाच असे. म्हणून गिऱ्हाइकं हातातल्या पुड्या तशाच धरून उभी राहिली. मयत काही निघालं नाही. डाळीच्या डब्यांशेजारी, झाडं कापायचं पेट्रोलचं मशीन मात्र पेशंटासारखं बसवलेलं होतं, आणि साळूचा नवरा बहिरू त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. देवळालीच्या लिलावात त्याने ते घेतलं, त्या दिवसापासून घरात मशीन हे जावई होतं आणि बाकीची माणसं आचारी.

बहिरू स्वतः फोनवर बोलणार नव्हता. लग्नात टॉवेल-टोपीच्या मानात मेहुण्याने त्याला टॉवेल दिला आणि टोपी द्यायची राहिली. त्या टोपीपायी तो मोतीरामशी बोलत नसे. टॉवेल मात्र वापरत असे. आत्ताही तो खांद्यावर होता.

"दादा?... हां, मीच... बरी हाय रे... अरे ऐक ना, मशीनचं तेल गळतंय... पेट्रोल नाय. साखळीचं तेल. ती दातेरी साखळी पट्टीवरून फिरती ना, तिला पाजतात ते... हां, त्याची टाकी येगळी असती. सकाळी भरावी तर संध्याकाळी रिकामी!... चालवलं नाय तरी!... परवा पट्टी तापून काळी पडली, धूर निघाला नुसता... अरे, उद्या ओव्हरसियरसाहेब येणारेत. सायखेड्याच्या रस्त्याच्या बाभळी पाडायचं काम ह्यांना द्यायचं का नाय, ते मशीन चालताना बघून ठरवणारेत... हो, हो... विचारते."

"अहो, झाकण घट्ट हाय का विचारतोय... हे म्हणतात घट्ट हाय... काय?... हे म्हणतात सांग त्याला, टोपी विसरणारी माणसं येगळी, मी झाकण विसरत नाय... मी नाय म्हणत दादा, हे म्हणतात!"

"ठेवतात कसं? उभंच की. देव्हाऱ्याखाली, पाटावर... पाटावर डाग?... डाग म्हणजे..."

इथे साळूने बहिरूकडे पाठ केली.

मशीन गळत होतं, पण साळूच्या कढईत. परदेशी मशीनला जळकं ऑइल पाजलं तर त्याचा अपमान होतो, असं बहिरूचं मत होतं. म्हणून रेशनचं गोडं तेल मिळालं की तो ते सगळं मशीनसाठी काढून ठेवी. बाजारात तेल मिळेना, मिळालं तर परवडेना. घरातली फोडणी बंद झाली. धाकटी पोरगी कोरडी चटणी पाण्यात कालवून भाकरी खाऊ लागली, तेव्हा एका दुपारी साळूने टाकीचं झाकण उघडलं आणि मशीन कढईवर वाकडं केलं. त्या दिवसापासून ते गळायला लागलं. वांग्यात कधी लाकडाचा भुसा लागे. बहिरू मिटक्या मारत खाई. घरात तेल नसताना तवंग आला कुठून, हे त्याने कधी विचारलं नाही. जावई विचारत नसतात.

"डाग पडतो की... थोडा थोडा... अं?... हे म्हणतात बिलकूल नाय. हात फिरवून बघितला म्हणे पाटावर... हे म्हणतात परदेशी माल हाय, गळतो पण घाण करत नाय."

"...दादा? हॅलो? तुटला का?... हायेस ना, मग बोल की... कुठलं तेल? गोडं... रेशनचं, दुसरं कुठलं... घरात? घरात काय, चाललंय... करते की भाजी... कशात म्हणजे? कढईत... दादा, तू नको ना तसं विचारू, हे हितंच हायेत... हो... हो रे... मीच... हसतोस काय?... बाईमाणसाला काय काय करावं लागतं, तुला काय सांगू... अरे, आता गप का झालास? हस की. हसत होतास ते बरं होतं."

गिऱ्हाइकांपैकी एकीने पदराने नाक पुसलं. मशीनची हालत फारच नाजूक असावी, असं तिला वाटलं.

"न्यायला-बिन्यायला नको येऊ. तुझ्या त्या क्वार्टरात तुझीच माणसं मावत नायत... नको म्हणते ना. मशीनचं सांग. मशीनचं... हां... हां!... थांब, मोठ्यानं सांगते. अहो, दादा म्हणतोय गोडं तेल वाळून चिकटतं, साखळी जाम होती त्यानं. ट्रकचं जळकं ऑइल घाला म्हणतोय. गॅरेजवाले असंच देतात. जळकं घातलं की एक थेंब गळायचा नाय म्हणतोय! पैज लावतोय!"

टोपीचा विषय नसला की बहिरूला गोष्टी लवकर पटत. त्याने मान हलवली. साळूला दुकानातलं गोड्या तेलाचं पिंप दिसू लागलं, इतका वेळ तिने तिकडे पाहिलंच नव्हतं. आता घरातलं तेल घरात राहणार होतं.

मग बहिरू सावळीरामकडे वळला आणि त्याने घट्ट झाकणाचा एक डबा मागितला. रेशनचं तेल आता मशीनला लागणार नाही, तर ते दर महिन्याला ओव्हरसियरसाहेबांच्या घरी पोचवू, असा त्याचा हिशोब होता. साहेबांच्या घरी भजी तळली जात राहिली की आपल्या बाभळी पडत राहतील. हे दुकानात सगळ्यांना पटलं.

"अहो, पण थोडं घरात... थोडंसं... नाय?... बरं."

"दादा! दादा, ऐक, ते जळकं... हॅलो?... ओ एक्स्चेंजच्या ताई, थांबा ना, वेळ झाला काय म्हणता, एकच शब्द बोलायचा हाय... दादा? हॅलो?"

फोनमधून नुसती घरघर येऊ लागली. सावळीराम फडक्याने डबा पुसत होता. बहिरू साळूकडे बघत होता. तिने रिसीव्हर कानाला आणखी घट्ट दाबला.

"काय म्हणतोस, दादा?... जळकं नको?... हां... अहो, दादा म्हणतोय चुकलं त्याचं. मशीन परदेशी हाय हे ध्यानातच नव्हतं म्हणे. परदेशीला गोडंच लागतं... हो... साहेबांच्या घरी डबा गेला आन् मशीनला कमी पडलं तर साहेबांसमोरच पट्टी मोडंल म्हणतोय... हां, सांगते... टाकी रोज काठोकाठ भरा म्हणतोय. रोज."

बहिरूने विचारलं, मग गळतीचं काय?

घरघर चालूच होती. साळूने ती शेवटपर्यंत नीट ऐकून घेतली.

"दादा म्हणतोय, गळणारच... त्याला इलाज नाय म्हणतोय... बरं दादा. वहिनीला सांग, मजेत हाय मी... ठेवते."