दुसरा डबा

हर्सूलच्या जेलबाहेर भेटीची रांग होती. नामांतराच्या सत्याग्रहात पकडलेली माणसं आत होती. माझ्यापुढं दोघी बाया उभ्या होत्या. एकीच्या गळ्यात क्रूस होता आणि हातात दोन डबे. दुसरीनं तिला विचारलं,

"तुमचं कोण हाय आत, बाई?"

"पोरगा, याकोब. चिकलठाण्याला कंपनीत हाय. तुमचं?"

"भाऊ, साहेबराव. पण तुम्ही तर ख्रिश्चन. तुमचा पोरगा सत्याग्रहाला कसा काय गेला?"

"येशूनंच जा म्हणलं, असं सांगतो."

"अन् तुम्हाला काय म्हणला येशू?"

"मी रोज पहाटं त्याला सांगायची, माझ्या लेकराला अडव. लई रडायची."

"मग त्यानं काय जबाब दिला?"

"मी आमेन म्हणून लगेच उठायची. चूल पेटवायची असायची."

"म्हंजे तुम्ही ऐकायला थांबलाच नाय?"

"नाय. आज थांबले. काहीच मागितलं नाय, नुसती बसून राहिले."

"मग बोलला का?"

"कानात आवाज नाय आला. पण उठले अन् दोन डबे भरले."

"दुसरा कुणाचा?"

"मलाबी तेच कोडं पडलंय. रस्ताभर त्याला इचारत आले."

"काय म्हणतो?"

"अजून तरी गपच हाय. साहेबरावला काय आणलं तुम्ही?"

"देवगाव रंगारीहून पहिल्या गाडीनं निघाले, बाई. भाकरी थापायला वेळ कुठला?"

"वांग्याची भाजी खातो का तो?"