प्लास्टर सुकेपर्यंत

– नाही, आता बोलायचं नाही, साहेब. जे विचारायचं ते मघाशीच विचारून घ्यायला हवं होतं. ओठ हलला की साच्याला भेग, आणि भेग पडली की पुन्हा पहिल्यापासून – पुन्हा ते व्हॅसलीन, पुन्हा हे गार लपके तोंडावर. नाकपुड्या मोकळ्या ठेवल्यात, श्वास येतोय-जातोय, बास झालं. डोळे मिटलेलेच राहू देत. थोड्या वेळानं गरम लागेल, प्लास्टर धरायला लागलं की तापतं, घाबरायचं कारण नाही, भाजत नाही – म्हणजे आजवर कुणाला भाजलेलं नाही. अगदीच सहन झालं नाही तर उजवा हात वर करा, मी बघेन. बघितलं तर बघेन. चेष्टा केली हो. आमची सून म्हणते, बाबा, तुम्ही पुतळ्यांशी जेवढं बोलता तेवढं माणसांशी बोलत नाही. आज ती मुलांना घेऊन बहिणीकडे गेलीय. मीच म्हटलं, जा, राहून ये निवांत, आज स्टुडिओत मोठं काम आहे, मध्ये कुणी नको. आणि एरवी मी कानांत कापूस घालतो लोकांच्या. तुमच्या नाही घातला. कान मला मोकळे हवे होते.

आता तुम्ही आडवे, मी उभा, आणि तोंड तुमचं बंद. असा योग शाळेत कधी आला नाही. दचकू नका – दचकलात, गळा हलला, दिसलं मला. हो, शाळेत. तुमच्याच शाळेत, तुमच्याच वर्गात, तुमच्याच त्या लांबलचक झोपायच्या खोलीत, खिडकीकडचा पलंग. मघाशी दारात माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, शिल्पकारसाहेब, तुमचं नाव फार ऐकलंय. ऐकलं असेल. पण तेव्हा मला नावानं हाक मारत कोण होतं? चिखल्या. आठवतोय चिखल्या? मागच्या शेडमध्ये सदा मातीत हात घालून बसायचा, नखं काळी म्हणून मॉनिटरनं ज्याला भर जेवणाच्या रांगेतून बाहेर काढलं, तो? मॉनिटर म्हणजे तू. तुम्ही-बिम्ही आता राहू दे, जीभ वळत नाही. आणि ते ओढून काढायचा विचार करू नकोस. भुवयांना व्हॅसलीन मी जरा हात राखूनच लावलंय, ओढलंस तर भुवया माझ्याकडे राहतील.

तर पुतळा. शाळेच्या फाटकाशी बसणार, छातीपर्यंतचा, आणि खाली काय कोरायचं तेही तुमच्या मुख्याध्यापकांनी मला सांगून ठेवलंय – बॉम्ब पडत असताना खंदकातून उठून मित्राला वाचवायला धावलेला विद्यार्थी. मी मान डोलावली. फार छान, म्हटलं, साहेबांना पाठवा, चेहऱ्याचा साचा घेतो. साचा लागत नाही रे, फोटोवरून होतं सगळं. तू इथे आडवा पडावास आणि ऐकावंस म्हणून बोलावलं. पन्नास वर्षं मी ही वाट बघितली, आणि तू आपल्या पायानं चालत आलास, वर फळांची करंडी घेऊन.

मित्राला वाचवायला. कोणाचा मित्र? शिट्टी तुझा मित्र कधीच नव्हता. बघ, त्याचं नाव घेतल्यावर पुन्हा गळा हलला, म्हणजे विसरला नाहीस. पुढच्या दोन दातांत फट, त्यातून अशी शिट्टी घालायचा की म्हातारा आचारी हातातलं पातेलं सोडून बाहेर यायचा. तो माझा मित्र. बोर्डिंगात आलो त्या दिवशी मी आईसाठी मुसमुसत होतो, तर हा शेजारच्या पलंगावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, रड, रड, तुझं झालं की मग मी रडतो, दोघांनी एकदम नको. हसलोच मी. झालं, तेव्हापासून आम्ही दोघं. आणि तू? तुला सगळे टरकून असायचे, तुझे बूट पॉलिश करून द्यायचे, खाऊचा डबा घरून आला की आधी तुझ्यापुढे धरायचे – एक शिट्टीच तेवढा तुझ्याकडे बघून शिट्टी घालायचा आणि पुढे जायचा. ते तुला झोंबलं. पोरं हवी तितकी होती तुझ्यामागे, पण तुला नेमका तोच हवा होता. खोटं असेल तर कर हात वर. नाही ना करत?

मग युद्ध आलं. खिडक्यांना काळा कागद, दिव्यांना टोप्या, मैदान खणून खंदक – मोठी मुलं खणायची, आम्ही माती वाहायचो, मला काय, बरंच झालं, खाली छान चिकणमाती लागली. आणि ड्रिलच्या सरांची ती जोडीची पद्धत. प्रत्येकाला एक जोडीदार. भोंगा झाला की खंदकात त्याचा हात हातात धरून बसायचं, वर फळ्या टाकलेल्या, आत हे एवढं अंधारून आलेलं, सर वाकून वाकून एकेका जोडीला विचारत जायचे, जोडी? – की दोघांतल्या एकानं म्हणायचं, आहे. हात हातात असेल तरच म्हणायचं. सर म्हणायचे, घाबरलेल्या पोराची दातखीळ बसते, त्याला स्वतःची हजेरी देता येत नाही, ती शेजारच्यानं द्यायची. देवमाणूस. तर शिट्टी माझा जोडीदार होता. तू काय केलंस? सरांकडे जाऊन सांगितलंस, ती दोघं खंदकात फिदीफिदी हसतात, त्यांना वेगळं करा. केलं वेगळं. आणि शिट्टी गेला कुणाकडे? मॉनिटरकडे. माझ्या गळ्यात पडला तो जाड्या, भोंगा झाला की चड्डी ओली करणारा – त्याचा तो घामट हात आजही मला नको वाटतो. पण तुझं तरी काय साधलं? तुला हात मिळाला, पोरगा नाही मिळाला. भोंगा संपला रे संपला की तो हात सोडवून घ्यायचा आणि धावत माझ्याकडे यायचा, शेडमध्ये. तू व्हरांड्यात उभा राहून बघायचास. मला दिसायचास तू. मला फार बरं वाटायचं तेव्हा.

गरम लागतंय? लागू दे. अजून धरायचंय.

त्या दिवशी सकाळी तू त्याला हौदापाशी गाठलंस आणि म्हणालास, एक तर मी नाही तर तो चिखल्या. आणि तो तुझ्या तोंडावर हसला. मला त्यानंच सांगितलं. दुपारी भोंगा झाला. तोवर इतके खोटे भोंगे झाले होते की आचारी जागचा उठतसुद्धा नव्हता. सगळे आपले रमतगमत खंदकात उतरले, सर आले, जोडी? आहे. जोडी? आहे. मी तुझ्या समोरच, अंधारात, तुला दिसत नव्हतो – पण तुझ्यावर फळ्यांच्या फटीतून उजेडाची पट्टी पडली होती, नेमकी गुडघ्यांवर, आणि गुडघ्यांवर तुझे दोन्ही हात. रिकामे. सर तुझ्यापाशी आले. जोडी? आणि तू म्हणालास, आहे. स्वच्छ आवाजात. का म्हणालास तेही मला ठाऊक आहे. तुला वाटलं, हा माझा हात सोडून जाऊन बसलाय चिखल्याजवळ, अंधारात कुठेतरी. आणि मॉनिटरचा जोडीदार मॉनिटरला सोडून गेला, हे सगळ्यांदेखत सांगायची तुला लाज वाटली. एवढंच. त्या एवढ्याशा लाजेपायी सर पुढे गेले, आणि शिट्टीला शोधायला कुणी गेलं नाही.

ते विमानही आपलं वाट चुकलेलं. पाडायचा होता नदीवरचा पूल, तो राहिला बाजूला आणि बॉम्ब शेडवर. तू उठलास, फळ्या सारून वर गेलास आणि धावलास. धावलास हे खरं, ते मी नाही म्हणत नाही. नखं उलटी होईतो विटा उपसल्यास. लोकांनी ते बघितलं, पेपरात आलं, बिल्ला मिळाला, पुढे फौजेत सुद्धा त्या बिल्ल्याची पुण्याई कामी आली असणार. आणि ड्रिलच्या सरांना काढून टाकलं, सगळ्या जोड्या हजर आहेत असा निरोप त्यांनी वर दिला होता म्हणून. ट्रंक डोक्यावर घेऊन फाटकातून गेले ते. त्याच फाटकाशी तुझा पुतळा. तेव्हा तोंड उघडलंस तू? मूग गिळून बसलास. सर गेले, शिट्टीचे वडील येऊन त्याचे कपडे घेऊन गेले, आणि तू गणवेशावर बिल्ला लावून प्रार्थनेला उभा.

म्हणून सांगतो, आता नीट ऐक. फाटकाशी तू बसणार नाहीस. शिट्टी बसणार. दातातल्या फटीसकट. पडदा ओढायचा मान तुलाच आहे ना? ओढ. मंत्री असतील, मुलं असतील, तुझी नातवंडं असतील, आणि सगळे विचारतील, हा कोण? मग मी माईकपाशी जाणार आणि सांगणार, हा मॉनिटरचा जोडीदार, ज्याची हजेरी मॉनिटरनं रिकाम्या हातानं दिली. झोप येत नाही ना रात्री, तेव्हा मी हे पुन्हा पुन्हा बघतो. तुझा चेहरा बघतो. फार गोड वाटतं मला ते, खोटं कशाला बोलू.

काय? बोटं कशाला हलवतोस? मी का नाही बोललो? मी का बोलायचं? मॉनिटर तू होतास, जोडी तुझी होती. आणि बोलणारच होतो की मी. जरा थांबून. सर एकदा पार टोकापर्यंत जाऊ देत, म्हटलं, भोंगा संपू दे, सगळे वर येऊ देत, मग सगळ्या शाळेसमोर सांगू, सर, ह्यानं खोटी हजेरी दिली – आणि शेडमधून शिट्टीला बाहेर आणून दाखवू, आणि मग बघू मॉनिटरला छड्या कशा बसतात. मी मनातल्या मनात त्या छड्या मोजत होतो. एवढा खूश मी त्या शाळेत कधी झालो नव्हतो. शिट्टी कुठे जातोय? तो हलणारच नव्हता. त्याचं डोकं करत होतो ना मी मातीचं, हनुवटीच तेवढी राहिली होती, म्हटलं, कापड भिजवून आणतो, तोवर मान हलवू नकोस, भोंगा झाला तरी हलू नकोस, खोटाच असतो. मी नळावर गेलो आणि भोंगा झाला, आणि सरांनी मला मानगूट धरून – ते जाऊ दे. ते वेगळं. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

हात खाली घे. खाली घे म्हटलं. बरं, काढतो. झालंच आहे. उठून बसा, गाल फुगवा, आतून हवा द्या, हं, पुढे वाका – आला. आला पूर्ण. डोळे उघडू नका लगेच, कण जातील. हे घ्या फडकं.

काय म्हणालात? हळू बोला. तुम्ही शेडकडेच का धावलात – हे मी कुठे विचारलं? नाही विचारलं मी. नाही सुचलं. धूळ दिसली असेल तुम्हाला, सगळ्या मैदानावर धूळ होती. कोण ओरडलं? खंदकात तर सगळीच पोरं ओरडत होती. नाही, मी नाही. "शेडमध्ये आहे, मीच बसवलंय" – असं? माझ्या आवाजात? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही हो.

आणि सरांनी विचारलं होतं तुम्हाला? हेडमास्तरांनी पण? आणि त्याच्या वडिलांनी, कपडे न्यायला आले तेव्हा, तुला कसं कळलं तो तिथे आहे म्हणून – मग काय सांगितलंत? अंदाजानं. अंदाजानं धावलो म्हणून सांगितलंत. त्यांनी मानलं?

कुणालाच नाही सांगितलंत? घरी बायकोला सुद्धा नाही?

नळ तिकडे, डाव्या हाताला. कानामागे राहिलंय अजून, नीट घासा. टॉवेल तिथेच टाका. नाही, बसू नका. त्या खुर्चीवर नका बसू. पुतळ्याचं मी कळवीन. नाही, कळवत नाही, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. तुमची करंडी घ्या. गाडी उभी आहे ना बाहेर? मग जा. जा म्हटलं ना.