माह्यासाठी रॅम्प? काहून?

...नाई, तुम्ही मले सांगा, कोणी काहून माह्यासाठी रॅम्प बांधंल? काहीतरी भानगड आहे!

तुम्हाले सांगतो, इथल्या उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमंधी माहे पाय गेले, तेव्हापासून बारा वर्सं झाले मी या चाकाच्या खुर्चीवर. फुटबॉलची मॅच पाहाले गेलो का गेटवरचा गार्ड म्हणे, "कुर्सी अलाऊड नहीं है!" जसं का मी ती शौकानं घरून उचलून आणली! मागच्या साली घेतलं आत, तं सिद्धं स्टेजवर... हार, शाल, "हमारे दिव्यांग भाई मारोतीजी!" अन् तोंड फोटोवाल्याकडं, पाठ मैदानाकडं. आख्खी मॅच मी कॅमेरेच पायले!

अन् या साली आमची पोट्टी, चेतना, आमच्या गुढियारी मोहल्ल्याच्या टीमकडून फायनल खेळणार! मी तिले कधीच खेळताना पायलं नाई हो. तेवढं एक पाहाचं होतं, बस्स. गेटवर पोचलो तं मॅचच्या कमिटीचा रणजित धावत आला. "आइए कका, आपके लिए रॅम्प बनाया है!" रॅम्प पायला... पक्का! चढून गेलो तं बसाची जागा, वर छत, समोर मैदान, मधात खांब नाई, कोणाचं डोस्कं नाई. बाजूले आमच्या बायकोसाठी, वनमालासाठी, खुर्ची. बाथरूमचं दार, ते बी रुंद! म्हणलं, मारोती, काहीतरी भानगड आहे!

"उद्घाटन किसका है?" मी विचारलं. "किसी का नहीं, कका." "नेता कौन आ रहा?" "कोई नहीं." "तो शाल कौन देगा?" "ठंड लग रही है क्या, कका?" पाहा... कसा विषय बदलला!

मॅच सुरू झाली. वनमाला म्हणे, "समोर पाहा नं हो, पोट्टी खेळून राहिली!" म्हणलं, तू समोर पाहाय, मी मागं ध्यान ठेवतो, फोटोवाला नेहमी मागूनच येते. रॅम्पवर कोणी चढलं का मी वळलो. फुटाणेवाला आला, मी केस नीट केले. थैली लय मोठी होती त्याची, हार-शाल त्यातच असंल... काहीतरी भानगड आहे! मी खुर्ची फिरवली, थैलीत डोकावलो, अन् तेवढ्यात, "गोऽऽऽल!" सारं मैदान उभं राहिलं, वनमाला रडाले लागली, अन् माह्यासमोर काय? फुटाणे!

मॅच जिंकली. चेतना घामाघूम धावत आली अन् गळ्यात पडली. "बाबा, मेरा गोल देखा?" आता काय सांगू? "हव! काय मारला वं! उजव्या पायानं, सप्पकन!"

पोट्टी माह्या तोंडाकडं पाहून राहिली, मंग हळूच म्हणे, "सिर से मारा था, बाबा."

एवढी लाज मले जिंदगीत वाटली नाई हो. अन् वरून तो रणजित हसत आला... "कका, जगह ठीक थी ना?"

म्हणलं, जगा एक नंबर होती, भैया. माणूसच चुकीचा बसवला.